एजवेअरची बिग कहुना

सुप्रभाबाई देवस्थळींना एखादा शब्द कळला नाही, की तो दातांत अडकलेल्या बडीशेपेसारखा छळत राही. जिभेने चाचपत राहायचं, निघेपर्यंत दुसरं काही सुचायचं नाही.

लंडनच्या एजवेअर भागात त्यांनी एकतीस वर्षं फार्मसिस्ट म्हणून काढली. पण त्यांना लोक ओळखत ते वेगळ्याच कामासाठी. खूप वर्षांपूर्वी ऐन गणेशचतुर्थीला तिथल्या मराठी मंडळाचे गुरुजी आजारी पडले. मूर्ती मांडलेली, माणसं जमलेली, आणि पूजा सांगायला कोणी नाही. शाळेत संस्कृतात पहिल्या आलेल्या सुप्रभाबाई पदर खोचून पुढे बसल्या आणि पोथी वाचून त्यांनी प्राणप्रतिष्ठा केली. काही मंडळी कुजबुजली, मग प्रसाद खाऊन गप्प झाली. तेव्हापासून हाउन्सलोची वास्तुशांत असो की इल्फर्डचं बारसं, बोलावणं बाईंनाच. धुराचा अलार्म वाजू नये म्हणून कापूर कुठे लावायचा, इथपर्यंत सगळं त्या ठरवत. पूजेची त्यांची वही होती, तिला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

यंदा ऑगस्टमधल्या एका रविवारी मंडळाच्या ग्रुपवर वरदाचा इंग्रजी मेसेज आला: ‘बिग कहुनाला एवढ्यात काही सांगू नका, मी वेळ बघून बोलते.’ वरदा मंडळाची सेक्रेटरी, इथेच जन्मलेली, डोळे तपासणारी, बत्तीस वर्षांची. कमिटीच्या ग्रुपवरचा मेसेज तिने चुकून सगळ्यांच्या ग्रुपवर टाकला आणि मिनिटाभरात पुसला. तेवढ्यात बाईंनी तो वाचला होता.

“अहो, कहुना म्हणजे काय हो?”

श्रीनिवासराव निवृत्त भूलतज्ज्ञ. कोणत्याही प्रश्नाने त्यांची झोप उडत नसे. “जपानी पदार्थ असेल,” ते म्हणाले.

बाईंनी कॉम्प्युटर उघडला. अमेरिकन बोलीतला शब्द. बिग कहुना म्हणजे बडा साहेब, सगळ्यांवर हुकूम चालवणारा. आता हा कोण, ते सांगायला शब्दकोश लागत नव्हता. बाईंचा चेहरा उतरला.

“मग त्यात चुकीचं काय आहे?” असं विचारून श्रीनिवासराव टोमॅटोंना पाणी घालायला निघून गेले.

आपल्यापासून काहीतरी लपवलं जातंय, बहुतेक आपली पूजाच काढून घेतायत, अशी भीती बाईंना वाटू लागली. दुसरी एखादी असती तर तिने वरदाला फोन करून फैलावर घेतलं असतं. सुप्रभाबाई लायब्ररीत गेल्या. शब्द आला कुठून, हे कळल्याशिवाय भांडायचं तरी कशावर?

तीन दिवस त्या लायब्ररीत बसल्या. शब्द निघाला मूळचा हवाई बेटांवरचा. तिथे कहुना म्हणजे एखाद्या विद्येत मुरलेला माणूस. कोणी होडी कोरण्यात, कोणी झाडपाल्याच्या औषधात, कोणी प्रार्थनेत. म्हणजे वैद्याला आणि पुरोहिताला एकच शब्द! जन्मभर गोळ्याही दिलेल्या आणि मंत्रही सांगितलेल्या बाईंना गुदगुल्या झाल्या. पुढे फळी घेऊन लाटांवर खेळणाऱ्या अमेरिकन पोरांनी तो उचलला, आपल्यातल्या म्होरक्याला लावला, आणि तिथून तो ऑफिसांतल्या साहेबांपर्यंत पोचला. हवाईतल्या काही लोकांना ही थट्टा मुळीच आवडत नाही, हेही त्यांनी वाचलं आणि मान डोलावली.

एका पानावर मात्र त्या थांबल्या. कहुना शिष्य जवळ ठेवून वर्षानुवर्षं शिकवत. शिष्य मिळाला नाही, तर विद्या त्यांच्याबरोबर जायची. बाईंनी ते वाक्य दोनदा वाचलं, आणि पुस्तकाचा राग आल्यासारखं ते मिटून टाकलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी वरदाला चहाला बोलावलं.

“काकू, आय ॲम सो सॉरी,” वरदा दारातच म्हणाली. “सगळे तुम्हाला तसंच म्हणतात. इट्स अफेक्शनेट. मोस्टली.”

“त्याचं राहू दे. काय सांगायचं नव्हतं मला?”

वरदाने कप खाली ठेवला. “पुण्याचे एक गुरुजी आहेत, ते स्क्रीनवर पूजा सांगतात. त्यांना विचारून ठेवलंय. मागच्या वर्षी तुमचा नी-ऑपरेशन झाला, तेव्हा आपण सहा घरांना नाही म्हटलं. काकू, तुम्ही कोणाला शिकवतच नाही.”

“कोणी विचारलंय मला?”

“मी विचारलं होतं. दोनदा. तुम्ही म्हणालात, आधी मराठी सुधार, मग संस्कृतकडे वळ.”

बाईंना ते शब्द चांगलेच आठवले. त्या वेळी फार हुशारीचं बोललो असं वाटलं होतं. आता लाज वाटली. विषय बदलून त्यांनी कहुनाची सगळी कुळकथा वरदाला ऐकवली, होडीपासून साहेबापर्यंत. वरदा चहा गार करून ऐकत राहिली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

“पुण्याला नको म्हणून कळव,” शेवटी बाई म्हणाल्या. आत जाऊन त्यांनी वही आणली आणि वरदाच्या मांडीवर ठेवली. “उद्या सकाळी सात वाजता ये. उशीर चालणार नाही.”

चतुर्थीला भाड्याच्या शाळेच्या हॉलमध्ये मूर्तीसमोर वरदा बसली. बाई मागे खुर्चीवर. वरदा वहीतल्या ओळीवर बोट ठेवून वाचत होती. पंचामृतात दूध, दही, तूप झालं आणि ती मध विसरून थेट साखरेकडे वळली. बाईंनी ओठ दाबून धरले, हात मांडीखाली घातले. वरदाचा हात वाटीपाशी अडला. तिचं तिलाच उमगलं आणि तिने मध घेतला.

आरती झाली. इल्फर्डचं एक जोडपं बाईंना नमस्कार करून पुढे गेलं, ते सरळ वरदापाशी. “आमच्या नव्या घराची वास्तुशांत आहे. तुम्ही याल का?”

वरदाने घाबरून मागे पाहिलं. सुप्रभाबाईंना वाईट वाटलं, डोळ्यांत पाणी येईल इतकं. इतक्या वर्षांत हा प्रश्न दुसऱ्या कोणाला विचारलेला त्यांनी ऐकला नव्हता.

“माझ्याकडे काय बघतेस? तारीख लिहून घे,” त्या म्हणाल्या.

मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आणि आजवर ज्यांच्या हातात पहिला मोदक आपणहून येत असे, त्या बाई प्रसादाच्या रांगेत सगळ्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.