बिनदिव्याचा वर्ग आणि सावंतकाकांचं पत्र

काही लोकांच्या घरी रद्दी साठते, आमच्या वर्गात किस्से साठतात. टाकवत नाहीत आणि कुणी किलोवर घेतही नाही. मग कुणी मित्र चहाला आला की मी एकेक काढत बसतो. आज तुम्ही सापडलात!

वर्तकनगरमध्ये एका सोसायटीच्या तळमजल्यावर आमचा कॉम्प्युटरचा वर्ग चालतो. पाच कॉम्प्युटर, सात विद्यार्थी, एक मास्तर. आठहीजण आंधळे. मास्तर म्हणजे मी, जन्मापासून. ‘अरेरे’ म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणून घ्या, मला ते मधेमधे चालत नाही.

आमचे कॉम्प्युटर बोलतात. कळ दाबली की अक्षर सांगतात, ओळीवर गेलं की ओळ वाचून दाखवतात. बाकी कॉम्प्युटर तोच, तुमचाच.

* * *

एकदा संध्याकाळी सातची बॅच रंगात आलेली. नवीन वॉचमन, यादव, त्याची पहिलीच ड्यूटी. खोलीत काळोख, आणि आतून टकटक टकटक, शिवाय पाच जण एकदम बडबडतायत. तो काठी घेऊनच आला.

“कौन है अंदर? बाहर निकलो!”

आमची नलू, खडवलीची, बावीस वर्षांची, जिभेला हाड नाही. ती म्हणाली, “भैया, हम लोग पढ रहे है. आपको अंधेरे में डर लगता है तो लाईट जला लो!”

त्यानं बिचाऱ्यानं खरंच लावली. तेव्हापासून रोज सातला येऊन लाईट लावून जातो. मी दोनदा सांगितलं, बाबा रे, वीज फुकट जाते. ऐकत नाही. म्हणतो, “सर, मेरे लिए.”

* * *

एक कॉम्प्युटर बिघडला म्हणून रिपेअरवाला बोलावलेला. पोरगा आला, खाली वाकला, आणि घाबरून ओरडला, “सर! मॉनिटर चोरीला गेलाय!”

“चोरीला नाही रे. सहा महिन्यांपूर्वी वरच्या मजल्यावरच्या मुलाला देऊन टाकला. जागा अडवत होता.”

“मग तुम्ही बघता कशावर?”

पाच सेकंद गेले. मग तो स्वतःच एवढा हसला, एवढा हसला, की जाताना चहा पाजून गेला. मला अशी माणसं आवडतात. चूक झाली की हसतात, गळा काढत नाहीत.

* * *

माझीही एकदा जिरली, तेही सांगतो. नवीन ऑपरेटिंग सिस्टीम मीच टाकणार, डोळसाची मदत घेणार नाही, असं वर्गासमोर छाती फुगवून जाहीर केलेलं. अर्ध्यात मशीनचा आवाजच बंद पडला. दोन तास त्या मुक्या डब्यापुढे बसलो. शेवटी झक मारत यादवला हाक मारली.

यादवला इंग्रजी वाचता येत नाही, पण अक्षरं ओळखता येतात. तो एकेक अक्षर सांगत होता, मी जोडत होतो. वीस मिनिटांनी वाक्य पुरं झालं.

एंटर दाबा. एवढंच! दोन तास ते मशीन मला एंटर दाबा म्हणत होतं!

* * *

आता स्पीडचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. नवशिका आवाज सावकाश ठेवतो. सरावलेला इतका वाढवतो, की तुम्हाला ऐकू आलं तर पत्र्यावर वाटाणे सांडल्यासारखं वाटेल. आम्हाला मात्र शब्दन् शब्द कळतो.

नलूनं याचा पुरता फायदा घेतला. तिच्या त्या मित्राचा हा लांबलचक मेसेज आलेला. इअरफोन सापडेना. तिनं स्पीड चढवला आणि घरात सगळ्यांसमोर खुशाल मोठ्यानं लावला. आई समोरच कांदे चिरत बसलेली!

“मग? आई काय म्हणाली?” आम्ही विचारलं.

“म्हणाली, किती अभ्यास करतेस गं!”

वर्ग हसून लोळला. सगळ्यात जोरात हसले सावंतकाका. आणि लगेच विचारतात कसे, “म्हणजे डोळस माणसाला हे अजिबात कळत नाही म्हणतेस?”

* * *

सावंतकाका आमचे सगळ्यात मोठे विद्यार्थी. खोपटच्या एसटी डेपोत कंट्रोलर होते. आख्खा जन्म माईकवर गाड्या पुकारण्यात गेला, त्यामुळे कुजबुजले तरी रस्त्यापलीकडे ऐकू जातं. रिटायर झाल्यावर काचबिंदूनं नजर गेली. चार वर्षं झाली.

पहिल्या दिवशीच त्यांनी मला बजावलं, “सर, मला ते विंडोज नको नि फिंडोज नको. मला एक पत्र लिहायचंय. आमच्या हिला. लग्नाला चाळीस वर्षं होतायत.”

“तोंडानं सांगा की. घरातच तर असतात.”

“तोंडानं मला फक्त गाड्या सांगता येतात हो.” मग म्हणाले, “चार वर्षं माझं सगळं लिहिणं तीच लिहिते. बँकेचा अर्ज तीच लिहिते. कणकवलीला बहिणीला हिची तक्रार कळवायची तर तीही हिलाच सांगावी लागते! आणि ती लिहिते, वर माझं शुद्धलेखन सुधारते! एक पत्र असं पाहिजे, जे तिच्या हातून गेलेलं नाही.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याच लॅपटॉपवर शिकवायला घेतलं.

काकांची एकच खोड. ते मशीनशी बोलायचे. मशीन म्हणालं ‘ओळ रिकामी’, की काका म्हणणार, “भरतो, भरतो, घाई काय आहे!”

महिनाभर खपून त्यांनी नोटपॅडमध्ये पानभर पत्र लिहिलं. बंद करताना मशीननं विचारलं, सेव्ह करू का? काका खणखणीत आवाजात म्हणाले, “हो!” आणि कुठलीतरी कळ दाबून ऐटीत उठले.

दुसऱ्या दिवशी पत्र नाही. मी शोधलं, नलूनं शोधलं. काका आपले एकच म्हणतायत, “पण मी हो म्हटलेलं! तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत!”

आधी आम्हाला हसू फुटलं. मग त्यांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि ते काठी घेऊन निघून गेले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

तीन दिवस आले नाहीत. चौथ्या दिवशी सुलभाकाकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोन. “सर, हे धड जेवत नाहीत. विचारलं तर सांगत नाहीत. तुम्ही काही रागावलात का त्यांना?”

नलू फोन हिसकावून म्हणाली, “काकू, त्यांना लॅपटॉप घेऊन पाठवा. मी बघते.”

काका आले. नलूनं त्यांचा हात धरून बोटं सेव्ह करायच्या दोन कळांवर ठेवली. “काका, गाडी सोडायची तर कंडक्टर डबल बेल देतो ना? तोंडानं हो म्हणून गाडी सुटत नाही. प्रत्येक वाक्याला डबल बेल. चला, मारा.”

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. काका वाक्याला कुठले, शब्दाशब्दाला सेव्ह करायला लागले! आणि आता घरीही लिहायला बसायचे.

“काका, घरी इअरफोन लावता ना?” नलूनं एकदा विचारलं.

“छे! कानात बोळे घातले की मला काही सुचत नाही.”

“अहो, काकू ऐकतील!”

“ऐकू दे. तुझी युक्ती केलीय. स्पीड असा ठेवलाय, की मलाच जेमतेम झेपतो. तिला काय डोंबल कळणार! ती आपली बाहेर भाजी निवडत बसते.”

मधे काकूंचा फोन आलेला तेव्हा मीही मुद्दाम विचारून घेतलं, आवाजाचा त्रास होत नाही ना? तर म्हणाल्या, “नाही हो. दोन महिने रोज तेच ऐकतेय, सवय झालीय कानाला.”

लग्नाच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, काका लॅपटॉप घेऊन वर्गात आले. पत्र तयार होतं. प्रिंट काढण्याआधी मला बाजूला घेऊन म्हणाले, “सर, शेवटचं एक वाक्य काढायचंय. तिला उगाच लागेल.”

वाक्य कसं खोडायचं ते मी दाखवलं आणि लांब जाऊन उभा राहिलो. मास्तर असलो तरी काही गोष्टी आपल्या कानावर पडू नयेत.

मग प्रिंटर घरघरला. कागद बाहेर आला. काकांनी त्यावरून तळहात फिरवला, नीट चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

* * *

सोमवारी सकाळी वरच्या घरतकाकू एक अर्ज छापायला आल्या. छापून हातात दिला, तर त्या नुसत्याच उभ्या.

“काय झालं?”

“सर, कोराच आलाय. शाई संपलीय याची.” आणि मग हळूच, “मागच्या आठवड्यातही कोराच दिलेलात. मी बोलले नाही. म्हटलं, तुम्हाला वाईट वाटेल.”

आठ दिवस! अहो, वाईट वाटू द्यायचं होतं! डोक्यात नुसते सावंतकाका. महिनोन् महिने खपलेला माणूस, चाळीस वर्षांच्या बायकोच्या हातात कोरा कागद ठेवून समोर बसलेला! फोन करायला गेलो, तर दारात काठीची टकटक आणि तो डेपोचा आवाज.

“सर! पेढे घ्या!”

“काका... दिलंत पत्र?”

“दिलं म्हणजे काय! म्हटलं, आता मोठ्यानं वाच. तिनं कागद उघडला, मागेपुढे केला, ते ऐकू आलं मला. मग चष्मा पुसला आणि वाचलं हो. पहिल्यापासून, सावकाश. एक शब्द चुकली नाही!”

मी पेढा हातात धरून उभा होतो. नलूची टकटक थांबलेली.

“आणि शेवटी वाचलं, ‘तुझा चेहरा आता मला नीट आठवत नाही, त्याची भीती वाटते.’ मग म्हणाली, ‘चष्मा तेवढा जाड झालाय. बाकी सगळं तेच आहे हो.’”

काका खुर्चीत बसले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज एवढा खाली आला.

“पण सर, ते वाक्य तर मी शनिवारी खोडलं होतं ना?”