पाळण्याला पलंग म्हणायचं

मी निघाले तेव्हा वैशाखऱ्याच्या फाट्यावर जीप उभी होती आणि विमानाला अजून चौदा तास होते. तरी बाबांची घाई चाललेली. घाटातून दरड आली तर, मुरबाडात बाजाराची गर्दी असली तर, टायर बसला तर. बाबांना कुठेही वेळेआधी पोचल्याशिवाय चैन पडत नसे. बॅगेची चेन लावून कुलूपही घातलं होतं. आईने ते काढायला लावलं आणि स्वतःचं एक जुनं लुगडं आत कोंबलं. हिरवं, काठ विटलेलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं.

"हे कशाला आई?"

"ऱ्हाऊ दे गो. पाय पुसाया व्हईल."

मी चिडले. वजनासाठी मी लोणच्याची बरणी मागे ठेवली होती, आणि ही पायपुसणं देत होती. माझा नवरा विलास, शहापूरचा, वर्षभर आधीच ओहायोत नोकरीला गेला होता. त्याने फोनवर सांगितलं होतं की इथे सगळं मिळतं, उगाच बोचकी आणू नकोस. पण जीप सुरू झाली होती, म्हणून लुगडं आलं.

तुमच्यातले जे गावी राहिले त्यांना हे सांगायला नको, पण जे माझ्यासारखे निघाले आणि विसरले, त्यांच्यासाठी सांगते. आमच्या घरी पोटातल्या पोरासाठी काही आणत नसत. टोपडं नाही, दुपटं नाही, आणि पाळणा तर नाहीच. बाजारात तुरी म्हणतात ना, तसलं काही करायचं नाही. पोर उंबऱ्याच्या आत आलं की मग त्याच दिवशी आढ्याला जुन्या लुगड्याची झोळी बांधायची. मी आणि माझी धाकटी बहीण, दोघी झोळीतच वाढलो.

पाळणा घरात होता. माळ्यावर, पालथा घातलेला, त्याच्या बुडावर कांदे पसरलेले. सागवानी, चारी कोपऱ्यांना रंगीत लाकडी पोपट. लहानपणी मी त्याला हात लावला की आई हाक मारायची, रागाने नव्हे, घाबरून. माझ्याआधी तिला एक मुलगा झाला होता. सातव्या महिन्यातच बाबा शहापूरच्या सुताराकडून तो पाळणा करून घेऊन आले होते. मुलगा अकरा दिवस जगला. त्यावर आई माझ्यादेखत एकदाच बोलली, तेही कांदे निवडता निवडता. "तुज्या बापाला कवा थांबाया जमलं नाय." बाबा ओट्यावरच होते, त्यांनी ऐकलं.

मी कॉलेजात विज्ञान शिकले होते. अकरा दिवसांच्या पोराला पाळणा मारत नाही हे मला कळत होतं. पण कळणं एकीकडे आणि सातव्या महिन्यातलं पोट एकीकडे.

आणि नेमक्या सातव्या महिन्यातच मी विलासबरोबर ओहायोतल्या एका भल्यामोठ्या दुकानात क्रिब, म्हणजे इकडचा कठड्याचा पाळणा, बघत उभी होते. क्रिब आधीच घरात असावी लागते, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. बाळ तुमच्या अंथरुणात झोपवू नका, गुदमरतं. विलासला मात्र हौस. दांड्यांमधलं अंतर किती, गादी आणि कठडा यांच्यात दोन बोटं जातात का, स्क्रू कुठले, सगळं त्याने कागदावर लिहून आणलेलं. दांड्यांमधून शीतपेयाचा डबा आरपार जात असेल तर ती क्रिब घेऊ नये म्हणे. म्हणून तो रिकामा डबा हातात घेऊन प्रत्येक क्रिबशी झटत होता.

दुकानातल्या आजीबाईंनी आम्हाला कन्व्हर्टिबल क्रिब दाखवली. आधी चारी बाजूंनी कठडा. मूल चालायला लागलं की एक बाजू काढायची, छोटा पलंग होतो. पुढे सोबतच्या फळ्या लावल्या की मोठा पलंग. कॉलेजात जाईपर्यंत हीच वापरेल तुमची लेक, असं त्या हसून म्हणाल्या.

आमच्याकडे एका पाळण्याची भीती. इथे ही बाई एकाच लाकडात अठरा वर्षं मोजून देत होती, न जन्मलेल्या पोरीची. मी विलासला म्हटलं, चल इथून. तो म्हणाला, "अगं, मग बाळाला काय लोंबकळत ठेवायचंय?" मी म्हटलं, हो, झोळीत. त्याने घराच्या छपराची आठवण करून दिली. पुठ्ठ्यासारखं पांढरं, सपाट, ना आढं ना वासा. मी रडायला लागले आणि आजीबाईंनी मला खुर्ची दिली.

क्रिब घेतली. खोकं खोलीत भिंतीला टेकवून ठेवलं आणि मी त्या खोलीत जायचं सोडलं.

रविवारी आईला फोन केला. लपवायचं ठरवलं होतं, पण आईपुढे मला गप्प बसता येत नाही. मी म्हटलं, "आई, आम्ही पलंग घेतला."

"कुनासाठी?"

"आम्हालाच."

मग तिने विचारलं, "त्ये पायपुसनं हाय ना गो?"

"फाडलं की. निम्म्याची फडकी केली."

मग ती अगदी सावकाश म्हणाली, "निम्मं हाय ना? ऱ्हाऊ दे मग. पलंगाला लागंल."

फोन ठेवला तेव्हा मला उमजलं. सातासमुद्रापार गेलेल्या लेकीला कुणी पायपुसण्याची चौकशी करत नाही. तेव्हा माझ्या पोटात काही नव्हतं, म्हणून तिने झोळीचं नाव घेतलं नव्हतं. नाव घेतलं की दृष्ट लागते. आणि मी वेडी तिच्या शब्दाला शब्दशः धरून बसले. माझ्या लेकराची झोळी मी माझ्या हातांनी टरकावून त्या फडक्यांनी स्वयंपाकघराची फरशी पुसली होती. त्या दुपारी मी ती तिन्ही फडकी धुतली, तीनतीनदा, आणि कपाटात निम्म्या लुगड्याशेजारी घडी घालून ठेवली. जोडता येणार नव्हती, तरी.

भीती वाढतच गेली. बाळ हललं नाही की मला फरशी आठवायची. शेवटी मीच विलासला म्हटलं, जोड ती क्रिब, पण पाळणा नको. पलंग कर. त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. आणि शहापूरच्या त्या शहाण्या इंजिनिअरने कागद उलटा धरल्यासारखं, दुसऱ्या पायरीपासून काम सुरू केलं. तीन बाजू लावल्या, चौथी आमच्या खाटेखाली सरकवली. खोलीत एक छोटा पलंग उभा राहिला. पाळणा आमच्या घरात नव्हता. विचारलंच कुणी, देवाने नाहीतर आणखी कुणी, तर मी खरंच सांगणार होते.

लेक झाली. तिला घेऊन दारातून आत आलो आणि चपला न काढताच विलासने चौथा कठडा खाटेखालून ओढून काढला. स्क्रू दोनदा पडला, तिसऱ्यांदा कठडा बसला. मी उरलेल्या लुगड्याला कडेने इलॅस्टिक शिवलं आणि ते गादीवर ताणून बसवलं. क्रिबमध्ये सैल कपडा, उशी, दुपटं काही नको, असं नर्सने शिकवलेलं. म्हणजे एक भीती गावाहून आली होती, दुसरी इथे मिळाली, आणि मी दोन्ही पाळल्या. लेक दुपारची झोपली की मी कठड्याला हनुवटी टेकून तिचं पोट वरखाली होतंय ना, ते बघत बसायचे. बारावा दिवस गेला तेव्हा आईला फोन केला.

"हाय ना?" तिने विचारलं.

"हाय."

"बरा झाला." मग बाबांना ओरडून म्हणाली, "आवो, आता वाटा पेढे." बाबा त्या खेपेला थांबले होते.

लेक आता पाच वर्षांची आहे. चौथा कठडा केव्हाच निघाला. ती त्याच छोट्या पलंगावर झोपते आणि तिचे पाय पार शेवटच्या फळीला लागतात. इथल्या गणपतीत लोक घराविषयी भाषणं करतात, माती, वास, ओढ वगैरे. मला तसं बोलता येत नाही. जिथली भीती मी अजून निमूट पाळते ते माझं घर, एवढंच मला कळतं. ओहायोचे सगळे नियम एक दिवस मोडेन, आईचा मोडणार नाही.

परवा कपाट आवरताना लेकीला तळाशी ते लांब खोकं दिसलं. मोठ्या पलंगाच्या फळ्यांचं. त्याची चिकटपट्टीसुद्धा मी अजून काढलेली नाही.

"आई, ह्यात काय आहे? माझं आहे?"

मी तिच्या पायांकडे पाहिलं, मग खोक्याकडे.

"काही नाही गो," मी म्हटलं. "पायपुसणी आहेत."