मंडईच्या दिवशीचं संमेलन

मी बी.एस्सी. अ‍ॅग्री आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या ऑफिसात ते कोणाच्याच लक्षात नाही. धानाचं बियाणं विकणारी कंपनी, गोंदियात तिची शाखा, आणि मला घेतलं होतं ते केशोरीकडच्या प्रात्यक्षिक प्लॉटवर काम करायला. पण पहिल्याच वर्षी कंपनीचं वार्षिक संमेलन बघणारा माणूस नोकरी सोडून गेला. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, बस इस साल देख लो." मी बघितलं. संमेलन चांगलं झालं आणि तिथंच माझं वाटोळं झालं.

तेव्हापासून मी संमेलनवाली मॅडम. दिवाळी झाली की जिल्हाभरचे कृषी केंद्रवाले, म्हणजे बियाणं-खतांचे दुकानदार, बोलवायचे, हेड ऑफिसच्या मोठ्या साहेबांनी उन्हाळी धानाच्या नव्या वाणावर भाषण ठोकायचं, मग जेवण. पुढच्या सोफ्यावर कोण बसणार, कोण रुसणार, कोणाला कांदा-लसूण चालत नाही, बॅनरवर साहेबांचा फोटो केवढा, हे सगळं माझ्या डोक्यावर. चिखलात उतरून रोप ओळखायला शिकलेली बाई मी, आणि बुके सुकू नयेत म्हणून त्यांच्यावर पाणी शिंपडत बसायची. चीड यायची हो. कुडव्याच्या माझ्या भाड्याच्या खोलीवर परतताना स्कूटीवरच मोठ्यानं शिव्या द्यायची. हेल्मेटमध्ये कोणाला ऐकू येत नाही.

यंदा केशोरीची फिल्ड ऑफिसरची जागा रिकामी झाली. मी सरळ केबिनमध्ये जाऊन मागितली. मॅनेजर म्हणाले, "पक्का मॅडम! संमेलन होने दो, आपका ही नाम भेजता हूँ." हे 'होने दो' मी दरवर्षी ऐकत आले होते. तरी यंदा विश्वास ठेवला, कारण जागा खरंच रिकामी होती.

मग एक दिवस ते खुशीत येऊन म्हणाले, तारीख पक्की झाली, हॉल मागितला आणि लगेच मिळाला! ऐन कार्यक्रमांच्या हंगामात हॉल लगेच कसा मिळाला, हा विचार त्यांनी केला नाही, आणि खरं सांगते, मीही केला नाही. संध्याकाळी गावावरून आईचा फोन आला.

"त्या दिशी आपली मंडई हाय. येऊन राहिली ना तू?"



आमच्याकडं भाऊबीज झाली की गावोगावी मंडई भरते. ज्या दिवशी ज्या गावाची मंडई, त्या दिवशी लेकी, जावई, व्याही सगळे त्या गावात. दुकानं, शिंगाडे, दुपारी दंडारीची नाचगाणी, रात्री नाटक, आणि अधूनमधून पोरापोरींच्या सोयरिकीच्या गोष्टी. दवनीवाड्याकडचं आमचं गाव, त्याची मंडई मोठी. आजूबाजूची गावं आपापल्या पाहुण्यांना घेऊन तिथंच येतात, आणि आमचे मोठे कृषी केंद्रवाले बहुतेक सगळे त्याच पट्ट्यातले. संमेलनाला काळं कुत्रं फिरकलं नसतं.

"काऊन गप झाली?" आई म्हणाली.

मी गप्प झाले कारण मला सुटकेचं दार दिसलं होतं. काहीच बोलायचं नाही, बस्स. साहेब रिकाम्या खुर्च्यांना नवा वाण समजावतील, मॅनेजर मला फाडून खातील आणि मग पुन्हा कधी मला चहाचा ट्रेसुद्धा सांभाळायला देणार नाहीत. शिक्षा म्हणून केशोरीला पाठवतील. काय गोड शिक्षा! दोन-तीन दिवस मी ती मनातल्या मनात चघळली. त्या दिवसांत मला झोपही छान लागली.

पण जित्याची खोड. सगळा हॉल रिकामा आणि मागं उभी मी, हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना. कंपनीवर माझं काही प्रेम उतू जात नव्हतं. 'मॅडमला जमलं नाही' हे वाक्य मात्र मला सहन होईना. गेले केबिनमध्ये.

"मंडई है तो क्या हुआ? दिन में आ जाएंगे ना," मॅनेजर म्हणाले. ते शहरात वाढलेले.

"सर, घरी जावई आला असताना तुमचं भाषण ऐकायले कोन येते?"

तारीख हलण्यासारखी नव्हती, साहेबांची तिकिटं झाली होती. त्यांनी डोकं धरलं. "अब?" म्हणाले, आणि माझ्याकडं बघत राहिले. तेव्हा तरी मी गप्प बसायचं ना! पण तोंड उघडलंच.

"संमेलनच मंडईत नेऊ."

नाटकाचा मंडप सकाळपासून उभा असतो आणि संध्याकाळपर्यंत रिकामाच असतो. नाट्यमंडळाचे अध्यक्ष माझे काका. ते म्हणाले, "ने ना बाई, पन आमच्या पडद्याले हात लावू नोको." त्यामुळं साहेबांच्या मागं रंगवलेला राजदरबार तसाच राहिला आणि आमचा बॅनर खाली बाकाला बांधावा लागला.

असं संमेलन कंपनीनं बघितलं नव्हतं. कृषी केंद्रवाले व्याही-जावयांना घेऊन आले, मागं शेतकरी उभे. साहेब उकडलेले शिंगाडे खाऊन खूश. एका शेतकऱ्यानं विचारलं, या वाणावर तुडतुड्याची कीड किती येते? उत्तर मला येत होतं. माईकही माझ्याच हातात होता, पण तो दुसऱ्याला नेऊन द्यायला.

शेवटी साहेबांनी मला मंचावर बोलावलं. अंगावर शाल टाकली, हातात नारळ दिला. "मॅडम को फील्ड में भेजने की बात आई थी," ते माईकवर म्हणाले, "मैंने मना कर दिया. ऐसे लोगों को फील्ड में वेस्ट नहीं करते."

अख्खा मंडप टाळ्यांनी भरला. बायकांच्या बाजूला माझी आई डोळे पुसत सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती, लेकीचा एवढा मान झाला म्हणून. मला रडू फुटत होतं आणि लोकांना वाटलं, आनंदाचं आहे.

खाली उतरले तशी मॅनेजर कानाशी वाकले. "मॅडम, अगले साल कौनसे गाँव की मंडई?"

नारळ तिथंच आपटावा वाटला. पण त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी बोलून बसले होते, "पलीकडच्या गावची धरा सर, तिथलं मैदान मोठं आहे. मी आत्ताच जाऊन त्यांच्या नाट्यमंडळाला सांगून येते."