देविदासची लाल चकती

औसा मागं पडलं तेव्हा माझ्या पायाला फोड आले होते आणि देविदास उपाशी होता. उपाशी राहायचं कारण नव्हतं. दसरा झाला की लातूरहून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांसाठी जागोजागी मंडप लागतात. खिचडी, केळी, चहा, लोक हात जोडून देतात. देविदास प्रत्येक मंडपात "नको नको, आत्ताच झालंय" म्हणायचा आणि तिथंच घुटमळायचा. वाढणाऱ्यापुढं एवढी रांग, तो कशाला ह्याची समजूत काढत बसेल?

देविदास माझा धाकटा मामेभाऊ. लातुरात त्याचे केमिस्ट्रीचे क्लासेस आहेत. बोर्डावर नंबरात आलेल्या पोरांचे फोटो बोटाएवढे, ह्याचा परातीएवढा. वर्गात ओरडतो, "लाजू नका! हात वर करा! विचाराल तर समजेल!" स्वतःनं मात्र जन्मात तोंड उघडून काही मागितलं नाही. भूकंपानंतर आम्ही सगळे पत्र्याच्या शेडात राहत होतो. ब्लँकेटांचा ट्रक आला की हा ट्रककडं पाठ करून उभा. नागाबाई मामी दंडाला धरून न्यायची तेव्हा घ्यायचा. मामी गेली. ऐट राहिली.

त्या ऐटीपायी पोरीचं, भार्गवीचं, लग्न अडलं. म्हणून तर सरांना देवी आठवली होती.

स्थळ मीच आणलेलं. मुलगा आलोक, पुण्यात नोकरीला. वडील वसंतराव नांदेडचे, विष्णुपुरीला इंजिनिअरिंग कॉलेजात होते, आता निवृत्त. पोरापोरीनं एकमेकांना पसंत केलं होतं, राहिला होता फक्त थोरांचा होकार. वसंतरावांनी नांदेडच्या एका नव्या हॉटेलात सगळ्यांना जेवायला बोलावलं. ब्राझील देशाची पद्धत म्हणे. वेटर तलवारीएवढ्या सळईवर भाजलेलं मटण, चिकन घेऊन टेबलाभोवती फिरतात आणि सुरीनं काप काढून ताटलीत सोडतात. प्रत्येकापुढं एक चकती. हिरवी बाजू वर असली तर वाढतच राहतात, लाल असली तर फिरकत नाहीत. वसंतरावांनी हे नीट समजावलं आणि म्हणाले, "लागेल तेवढं घ्या." एकदाच म्हणाले.

देविदासनं चकती लाल केली. त्याच्याकडं बघून बायकोनं, सत्यशीलानं, केली. भार्गवीनं दातओठ खात केली.

"अरे, उलटव ते," मी त्याच्या कानात म्हटलं.

"गप गं अक्का. पोरीचा बाप हाय मी. आल्या आल्या तुटून पडू का? करतील की आग्रह."

चकती आग्रह करत नसते, हे केमिस्ट्रीच्या सरांना कोण शिकवणार? सळया यायच्या, लाल बघून वळायच्या. समोर वसंतरावांचं घर आनंदानं जेवत होतं. माझा मंगळवार. मी दालचिनी लावून भाजलेलं अननस खाल्लं, पोटभर. देविदास काकडी चावत होता आणि प्रत्येक सळईमागं त्याची मान जात होती. "घ्या ना, सर," एवढं कुणी म्हणावं म्हणून बिचारा ताटकळला. आईस्क्रीम आलं तरी कुणी म्हणालं नाही.

आठवड्यानं वसंतरावांच्या बायकोचा, राजश्रीबाईंचा, मला फोन. "तुमच्या भावाला स्थळ पसंत दिसत नाही. आमच्या जेवणाला शिवलेसुद्धा नाहीत. आम्ही कुणाला गळ घालत नसतो. दसरा-दिवाळी झाली की दुसरीकडं बघू."

तेव्हापासून भार्गवी बापाशी बोलत नव्हती.

"आता तरी फोन कर," मी चालता चालता म्हटलं. "मुलगा पसंत आहे म्हण. जीभ झडते का?"

"पोरीच्या बापानं आपणहून? बरं दिसतं का ते?"

"मग आई भवानी लावील का फोन? तिला तेवढंच काम हाय?"

तो एका बाभळीखाली थांबला, खिशातनं स्वतःचा मोबाईल काढून माझ्या हातात दिला. नंबर लावलेला होता, फक्त बटण दाबायचं राहिलं होतं.

"अक्का, तूच बोल. पोरगी लई रडायली. मुलगा आम्हाला पसंत हाय म्हण. पण मी सांगितलं म्हणू नको. अन् वसंतरावांना म्हणावं, ह्या माणसाला एकदा विचारून सोडू नका. अजून एकदा विचारा."