चाळिसावी पट्टी

"घाई कायले, भाऊ?" असं म्हणून चाचा तेलाचा थेंब चिमटीत घ्यायचे आणि डोळे मिटून चोळत बसायचे. समोरच्याचा चहा निवला तरी त्यांचं चोळणं चालूच.

कारंज्यात त्यांचा घमेली बनवायचा छोटा कारखाना होता. मी वाशीमहून मोटारसायकलवर तेलाचे नमुने घेऊन फिरणारा विक्रेता. पत्र्याचा गोल तुकडा साच्यात दाबला की घमेलं होतं. पत्रा आणि साच्याच्या मधलं तेल कच्चं असेल तर पत्रा फाटतो, साच्यावर ओरखडे पडतात. तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय? चाचांसाठी तेच सगळं होतं. "बायको रुसली तर मनवता येते, साचा नाही," ते म्हणत. आतून चाचींचा आवाज यायचा, "मले कवा मनवलं?"

तेल तपासायचं यंत्रही त्यांनीच जुळवलेलं. दोन पोलादी ठोकळे घट्ट आवळायचे, मध्ये तेल लावलेली पत्र्याची पट्टी धरायची आणि ती वजनकाट्याच्या हुकाने ओढायची. काटा कमी दाखवेल तितकं तेल चांगलं.

एकदा मी नवं, स्वस्त तेल नेलं. पहिल्या दहा पट्ट्या लोण्यातून निघाव्यात तशा सरकल्या.

"झालं ना, चाचा?"

"पहिले पहिले सारेच गोड बोलते."

ते ओढत राहिले. चाळिसाव्या पट्टीला काटा झपकन वर गेला. ठोकळे उघडून त्यांनी माझं बोट त्यांवर फिरवलं. ओरखडे लागले. मी चिडलो, "तुमच्या या जुगाडावर माझं तेल नापास?"

"दुसऱ्या कोणाले देल्लं काय हे?"

दिलं होतं. गल्लीच्या टोकाला एका बाईंनी नवाच कारखाना काढला होता, तिथे सकाळीच डबा उतरवला होता.

"तिच्याजवळ एकच साचा हाय!" चाचा अनवाणीच निघाले. मी मागे.

तिथे काम जोरात चाललं होतं. चाचांनी थेट बटणच बंद केलं. बाई कडाडल्या, "चाचा, काहून बंद केलं? माल द्याचा हाय मले!"

चाचांनी माझ्याकडे बोट केलं. "हा सांगते."

मी डब्याचं झाकण लावलं. "ताई, हे तेल वापरू नका. खराब आहे."

साचा वाचला. परतताना चाचा म्हणाले, "मले वाटलं, तू खोटं बोलशीन. आता तुह्यावालं कोणतंबी तेल घीन." दोन पावलं चालून पुढे म्हणाले, "तपासून."

मागच्या हिवाळ्यात चाचा गेले. जनाज्याला खांदा द्यायला मी पोचलो, तेव्हा गल्लीतली सगळी यंत्रं बंद होती. इतकी वर्षं तिथे जात होतो, पण कोपऱ्यावरच्या कडुनिंबात पोपट राहतात हे मला त्या दिवशी त्यांचा आवाज ऐकून कळलं.