चावीवरचा नंदादीप

सकाळची पूजा आटोपून मी निर्माल्य गोळा करीत होतो, तेव्हा प्रज्ञाचा फोन आला. प्रज्ञा ही उत्तमरावांची मुलगी. एरवी तिचा आवाज वडिलांसारखाच खणखणीत. त्या दिवशी मात्र ती हळू बोलली. "गुरुजी, बाबा पहाटे गेले. झोपेतच." क्षणभर थांबली, आणि मग जणू मलाच धीर देण्यासाठी म्हणाली, "काल संध्याकाळपर्यंत दुकानात होते. शेवटची गाडी सुरू करूनच घरी आले." या गोष्टीला आता दीड महिना होत आला. दुःख आहेच; परंतु उत्तमराव साळवे यांच्याविषयी लिहावयास बसलो की डोळ्यांत पाणी येण्याआधी ओठांवर हसू येते. त्यांना हाच क्रम आवडला असता, असे वाटते.

मुकुंदवाडीच्या रेल्वे स्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचे लहानसे दुकान होते. मोटारीचे विजेचे काम, तेवढेच ते करीत. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली एक फळी आणि फळीवर विजेचे माप घेणारा पिवळ्या रंगाचा मीटर. माझी सारी हयात शाळेत संस्कृत शिकविण्यात गेली, आणि प्रत्यक्ष कोठे संपते व अनुमान कोठे सुरू होते हे मी मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो. पण ते आचरणात कसे आणावे हे मी त्या दुकानातील लोखंडी खुर्चीवर बसून शिकलो. उत्तमराव कधी थेट बॉनेट उघडत नसत. आधी विचारीत. गाडी किती दिवस उभी होती? चावी फिरवल्यावर टकटक आवाज आला की काहीच नाही? हॉर्न वाजत होता का? मग बॅटरीच्या टोकांवर साचलेली पांढरट-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुऊन काढीत, आणि त्यानंतरच मीटर लावीत. गाडी बंद असताना एक आकडा, सुरू होताना एक आणि इंजिन चालू असताना एक. हे तिन्ही आकडे खडूने बॅटरीच्या काळ्या अंगावर लिहीत. कागद हरवतो, म्हणत. बॅटरी कुठं जाते?

आमची ओळख झाली ती माझ्या जुन्या पांढऱ्या मोटारीमुळे. माझी पत्नी सुमती हिचे गुडघे निकामी झालेले. आठवड्यातून एकदा, शनिवारी, खुलताबादच्या मारुतीला रुईच्या पानांची माळ घालावयास जाणे हा तिचा एकमेव प्रवास. चढण लागली की ती खिडकीची काच खाली करून वारा घेते, आणि तेवढा वारा तिला पुढल्या शनिवारपर्यंत पुरतो. परंतु त्या वर्षी गाडी वारंवार दगा देऊ लागली. सुमती नेसून, मांडीवर माळ घेऊन पुढच्या आसनावर बसलेली, आणि मी चावी फिरवली की नुसते 'टक'. शेजारच्या गाडीवरून केबल जोडून ती कशीबशी सुरू करावी लागे. पुण्याला असलेल्या आमच्या मुलाने शेवटी निक्षून सांगितले, की आता आणखी एकदा जरी बंद पडली तरी गाडी विकायची. या वयात घाटात अडकून बसलात तर कोण येणार? त्याचे बोलणे मायेचे होते, म्हणून मी शब्द दिला. दिला खरा, पण तो सुमतीला लागला. भाड्याची गाडी मिळते, हे तिलाही ठाऊक होते. तिला हवी होती ती हीच काच आणि हाच वारा.

तीन वेळा मी गाडी उत्तमरावांकडे नेली. तिन्ही वेळा त्यांनी सर्व तपासले. "बारा पॉइंट सहा. पोट भरलेलं हाय," ते म्हणत. इंजिन सुरू करवून पुन्हा मीटर लावीत. "चौदा पॉइंट दोन. जेवण बी येळेवर मिळतंय. मग ही उपाशी मरती कशानं?" मधल्या काळात माझ्या आग्रहाखातर नवी बॅटरीही बसविली, तीही चार-पाच दिवस गाडी उभी राहताच निपचित पडली. चोरून कोणी करंट खात आहे का, हेही त्यांनी पाहिले. बॅटरीची एक वायर सोडवून मध्ये मीटर जोडला, दारे लावली आणि बराच वेळ हाताची घडी घालून उभे राहिले. आकडा जेमतेम शून्याच्या वर होता. तिसऱ्या वेळी त्यांनी खडू खिशात ठेवला आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "गुरुजी, गाडी खोटं बोलत नसती. कायतरी सांगायचं राहिलंय." मी प्रामाणिकपणे सांगितले, की सर्व सांगून झाले आहे. मला तसे खरोखरच वाटत होते.

पुढल्या शनिवारी सकाळी दहाला गाडी दुकानी आणावी, तोवर कोणी हात लावू नये, असे ठरले. परंतु आठ वाजताच फाटकाशी स्कूटर थांबली. उत्तमराव मीटर घेऊन स्वतःच आले होते. म्हणाले, आजारी माणसाला त्याच्याच घरी बघावं. दवाखान्यात सगळे शहाण्यासारखे वागतात. आणि मी काही बोलण्याआधी त्यांनी गाडीत डोकावले.

गाडीत पुढे, काचेपाशी, बोटभर उंचीचा पितळी मारुती होता आणि त्याच्यापुढे एक लहानसा विजेचा दिवा तेवत होता. औरंगपुऱ्यातील सजावटीच्या सामानाच्या दुकानात मी तो बसवून घेतला होता. दुकानदाराने तेव्हा विचारलेही होते, की चावीवर घेऊ का, म्हणजे गाडी बंद झाली की दिवाही बंद होईल? मी त्याला ठामपणे सांगितले होते, की नंदादीप विझत नसतो. त्याला थेट बॅटरीवर घ्या. त्याने तसे केले. आणि दर वेळी गाडी दुरुस्तीस नेताना मी तो दिवा पिन ओढून काढीत असे आणि मारुतीसह घरातील देव्हाऱ्यात नेऊन ठेवीत असे.

का ठेवीत असे? तेलाचे हात लागतील, चपला घालून कोणी आत बसेल, असे मी स्वतःला सांगत असे. ते पूर्ण खरे नव्हते. कोणत्याही मेकॅनिकविषयी मला तसे वाटले असते की उत्तमरावांविषयीच वाटत होते, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. त्या सकाळीही, त्यांना पाहताच, माझा हात सवयीने मूर्तीकडे गेला. उत्तमरावांनी तो हात पाहिला. त्यांना जे कळायचे ते कळले असावे... मी मान खाली घातली.

"काढू नका गुरुजी," ते शांतपणे म्हणाले. "तुम्ही ह्याला काढून आणता, म्हणून तर माझ्याकडं आली की गाडी चांगली असती."

त्यांनी मीटर जोडला. या वेळी चोरून जाणाऱ्या करंटचा आकडा पूर्वीच्या दहापट होता. मग मला म्हणाले, आता तुमच्या हातानं पिन काढा. मी काढली. आकडा खाली आला. पुन्हा लावली, चढला. ती मोकळी वायर त्यांनी तिन्ही वेळा पाहिली होती. पण टोकाला काही नसलेल्या वायरीतून काय वाहणार? चार-पाच दिवस, अहोरात्र, तो इवलासा दिवा माझी बॅटरी पीत होता. त्याहून मौज अशी, की अधूनमधून तो मला मंद दिसे. बॅटरी संपत आल्याची ती खूण होती, आणि मी मात्र समईची काजळी झाडावी तशी भक्तिभावाने त्याची काच पुसत होतो. हे मी सांगताच ओसरीत बसलेली सुमती प्रथम हसली. मग उत्तमराव हसले. इतके, की स्कूटरला टेकावे लागले. "लई झालं गुरुजी," डोळे पुसत ते म्हणाले, "मी बी बुद्धापुढं मेणबत्ती लावतो. पण झोपताना विझवतो."

मी त्यांची क्षमा मागितली. कशाबद्दल, ते नीट सांगता आले नाही. त्यांनीही विचारले नाही. वायर चावीवर घेतली आणि म्हणाले, "आता हाच तुमचा मीटर. गाडी सुरू झाली की हा जरा उजळला पायजे. नाय उजळला, तर मला फोन."

त्या दिवशी आम्ही खुलताबादला गेलो. सुमतीने काच खाली केली.

पुढच्या खेपेपासून मारुती जागेवर ठेवूनच मी गाडी दुकानी नेऊ लागलो. उत्तमराव आत बसण्याआधी साबणाने हात धूत. मला ते सहन होईना. मी म्हणालो, असे करू नका, मला लाज वाटते. ते म्हणाले, "तुमच्यासाठी नाय हो. तेलकट हातात वायर निसटती." हे खरे होते की माझी लाज झाकण्यासाठी होते, हे मला आजही ठरविता आलेले नाही.

दोन वर्षांनी एका शनिवारी घाट उतरताना दिवा मंद झाला. मी उन्हाला एका हाताचा आडोसा करून सुमतीला पाहावयास सांगितले. तीही म्हणाली, फिका आहे. बाजूला थांबून, इंजिन तसेच चालू ठेवून, फोन केला. पंखा बंद, टेप बंद, इंजिन मात्र कोठेही बंद करू नका, सरळ माझ्याकडं या, अशी आज्ञा झाली. आम्ही पोहोचलो तेव्हा उत्तमराव रस्त्याच्या मधोमध उभे राहून रिक्षांना हाताने बाजूला सारीत होते. अल्टरनेटरचा पट्टा ढिला पडला होता. त्यामुळे बॅटरी भरतच नव्हती. पट्टा किरकिरत असणार, पण माझे कान आता उणे झाले आहेत. पट्टा ताणून त्यांनी इंजिन सुरू करविले आणि दिवा उजळला, तेव्हा जमलेल्या रिक्षावाल्यांना अभिमानाने सांगितले, "गुरुजींनी ओळखला बरं का फॉल्ट. मी नुसता पाना फिरवला." मुलाला मी त्याच संध्याकाळी हे सविस्तर कळविले. त्याने गाडी विकण्याचा विषय पुन्हा काढला नाही.

उत्तमराव गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या, बौद्ध रीतीने आदरांजली वाहण्याच्या, दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. पाठ संपल्यावर प्रज्ञाने मेणबत्ती माझ्या हाती दिली, आणि बुद्धापुढे ती मी लावली. निघताना ती म्हणाली, दुकान ती चालविणार आहे. मीटर तिच्या हाताला आता ओळखतो.

काल शनिवार होता. बॉनेट उघडून मी पाहिले. बॅटरीच्या अंगावर त्यांनी शेवटचे लिहिलेले तीन आकडे अजून आहेत. मी गाडी धुतो, पण तेथे पाणी जाऊ देत नाही. सुमती माळ घेऊन बसली. मी चावी फिरवली. दिवा आधी मिणमिणला, आणि इंजिनाने सूर धरताच उजळला.

"आले उत्तमराव," सुमती म्हणाली, आणि तिने काच खाली केली.