वहिनींशी बोलणं झालंय

लेक रविवारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली होती. ती सांभाळते त्या हॉस्पिटलच्या सर्व्हरमध्ये एक फट सापडली होती. कुणी शिरून रुग्णांचे कागद न्यायच्या आत ती बुजवायची होती.

"पासवर्ड चोरतात का गं?"

"गरजच नाही, बाबा. आलेल्यानं नुसतं सांगायचं, माझी ओळख तपासून झालीये. की सर्व्हर म्हणतो, या!"

"एवढा भोळा?" मी हसलो.

स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "आपला मिक्सर कसा गेला, ते सांग तुझ्या बाबांना."

'वहिनींशी बोलणं झालंय, दुरुस्तीला न्यायचाय' म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला मीच तो पिशवीत घालून दिला होता. वर पाणीही विचारलं होतं. दारात आलेल्याची उलटतपासणी करू नये, अशा घरात वाढलो आम्ही. तो सर्व्हर घडवणाराही तसल्याच घरातला असावा.

"झालं," लेक म्हणाली. "आता सर्व्हर प्रत्येकाला स्वतः विचारेल."

तेवढ्यात बेल वाजली. या घरात वीस वर्षांत पहिल्यांदाच मी दार न उघडता आतून विचारलं, "कोण आहे?"

बाहेरून शेजारच्या सुमनताईंचा बावरलेला आवाज आला, "मी आहे, भाऊजी... नंतर येऊ का?"